कत्तलेकानचा कुंभार

पावसाळ्यात या भागात येणारी बहुतेक माणसं जोगचा धबधबा बघायला येतात. आम्ही आलो होतो एका बेडकासाठी. उत्तर कन्नड जिल्ह्यातलं कत्तलेकान हे रानजायफळाच्या दलदलीचं जंगल आहे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात. भर दुपारीही खाली उजेड बेताचाच. सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस हे अतिदुर्मीळ झाड याच जंगलात सापडलं, त्याच्या नावात या जागेचं नाव आहे.

वनखात्याची परवानगी आधीच घेतली होती. रानात शिरण्यापूर्वी वाटाड्याने सगळ्यांचे बूट जंतुनाशकाने धुवायला लावले. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात अशीच पोचू शकते. दुसरी ताकीद होती पाण्यात पाय न टाकण्याची. भर रात्री, पावसात, काठावरच्या निसरड्या दगडांवर ती पाळणं सोपं नव्हतं, पण आम्ही पाळली.

ज्याच्यासाठी आलो तो कुंभार बेडूक, निक्टिबॅट्रॅकस कुंभारा. 2014 मध्ये के. व्ही. गुरुराजा आणि सहकाऱ्यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. सुरकुतलेल्या कातडीचा, दगडावर बसला तर दिसूही नये असा. वाटाड्याने मंद लाल उजेड एका काटकीवर धरला. मादी पुढच्या दोन पायांवर उलटी उभी राहून पाण्यावरच्या काटकीला अंडी चिकटवते, ते आमच्या आधीच उरकलं होतं. ती निघून गेली होती. नर तिथेच होता.

तो मागच्या पायांवर उभा राहिला. पुढच्या पायांनी ओढ्यातला चिखल उचलला आणि अंड्यांवर थापला. पुन्हा वाकला, पुन्हा चिखल, पुन्हा लिंपण. अंडी सुकू नयेत आणि खाणाऱ्यांच्या नजरेला पडू नयेत, असा या गिलाव्याचा उपयोग असावा असं अभ्यासक मानतात. मी आजवर बेडकांचं पालकत्व वाचत आले होते: युरोपातला दाई भेक अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो, चिलीतला डार्विनचा बेडूक पिल्लांना स्वतःच्या स्वरकोशात वाढवतो. दोघेही नरच. पण त्यांना आपला संसार सोबत नेता येतो. या कुंभाराचं सगळं त्या एका काटकीला चिकटलेलं. वरची फांदी तोडली, ओढा वळवला, पाणी आटलं, तर त्याच्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही. त्याला वाचवायचं तर ओढा जसाच्या तसा ठेवायला हवा, यापलीकडे दुसरा मार्ग मला दिसत नाही.

सकाळी पुन्हा त्याच वाटेने गेलो. दिवसाउजेडी ती काटकी चिखल लागलेली साधी काटकी वाटत होती. कोणीही सहज हाताने बाजूला सारली असती.

पुढच्या पावसाळ्यात तमिळनाडूतल्या कळक्काड मुंडनतुरैच्या जंगलात जायचं मनात आहे. तिथला राओर्केस्टिस कॅलाझोडिस हा बेडूक बांबूच्या पोकळ पेरात अंड्यांची राखण करतो, आणि तोही नरच. अभ्यासकांनी काही पेरांमधून बाप बाजूला काढून पाहिलं, तेव्हा पुष्कळशी अंडी त्याच जातीच्या दुसऱ्या बेडकांनी खाऊन टाकली.