“ताई, फक्त दोनच पायऱ्या आहेत”

पुण्यात भाड्याचं घर शोधताना जवळपास प्रत्येक एजंटने मला हे वाक्य ऐकवलं. मी व्हीलचेअर वापरते. माझ्यासाठी दोन पायऱ्या आणि दोन मजले सारखेच. “दोघं जण उचलतील की,” असंही म्हणतात. एखाद्या लग्नाला जाताना ते चालेल, पण रोज कामावर जायचं तर रोज सकाळी दोन माणसं आणायची कुठून?

आधी पैशांचं सांगते, कारण अडचण तिथूनच सुरू होते. परवडणारी घरं मिळतात जुन्या, तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत. लिफ्टची इमारत म्हटलं की भाडंही वाढतं आणि डिपॉझिटही. तळमजल्यावर राहावं तर तिथे पार्किंग नाहीतर दुकानं. म्हणजे पगार इतरांएवढाच असला तरी निवड महागड्या घरांतूनच करायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३७व्या कलमात ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, पण खासगी मालकाकडून भाड्याने घर घेताना त्याचा काही उपयोग होत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं म्हणून कोणी भाडं कमी करत नाही.

तरी घर मिळालं. दुसरा मजला, लिफ्ट, वन बीएचके, भाडं आवाक्यातलं. मालकीणबाई समजूतदार निघाल्या, बाथरूममध्ये धरायचे दांडे बसवायला लगेच हो म्हणाल्या. फक्त लिफ्टपर्यंत पोचायला प्रवेशद्वारी दोन पायऱ्या होत्या. तिथे रॅम्प हवा होता, आणि खर्च मीच करणार होते.

सगळं अडलं ते इथे. सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, “कमिटीपुढे ठेवतो.” कमिटीची बैठक झाली, पण कोरम नाही म्हणून विषय निघालाच नाही. पुढच्या बैठकीत एका सभासदाने विचारलं, “ह्या भाडेकरू आहेत ना? अकरा महिन्यांनी जातील, मग त्या रॅम्पचं आम्ही काय करायचं?” मग विषय वार्षिक सभेकडे ढकलला. वार्षिक सभा कधी, ते कोणी सांगेना. कोणाला दुचाकीची जागा जाईल अशी भीती, कोणाला दर्शनी भाग खराब दिसेल अशी. कोणी थेट नाही म्हणत नव्हतं, उलट सगळे गोड बोलत होते. त्याचाच मला जास्त राग यायचा. स्पष्ट नकार मिळाला असता तर तो घेऊन पुढे तक्रार तरी करता आली असती. इकडे जुन्या घराची मुदत संपत आलेली आणि नव्या घराचं टोकन दिलेलं.

मधल्या काळात कमिटीने तोडगा म्हणून चार फुटी फळी टाकायचं सुचवलं. तेव्हा मी गणित कागदावर मांडून दाखवलं. पायरी १५ सेंटिमीटरची, दोन मिळून ३० सेंटिमीटर उंची. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला ३६० सेंटिमीटर लांबी हवी, जवळपास बारा फूट. चार फुटी फळीचा उतार होतो १:४. त्यावरून चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. हा कागद पाहिल्यावर मात्र फळीचं नाव कोणी काढलं नाही.

अखेर काम झालं ते लेखी अर्जाने. अर्ज माझ्या नावाने नव्हता. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्याच्या पत्राला उत्तर द्यायची कोणाला घाई नसते. अर्ज मालकीणबाईंनी केला, सोबत रॅम्पचा नकाशा जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का व तारखेसह पोच घेतली. अर्जात दोन वाक्यं मी आग्रहाने घालायला लावली: रॅम्प लोखंडी आणि काढता येण्याजोगा असेल, फरशीला धक्का लागणार नाही; आणि ठरलेल्या तारखेपर्यंत लेखी उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली जाईल. आयुक्तालय पुण्यातच आहे. तक्रारीची वेळच आली नाही, त्या तारखेच्या आत परवानगी आली. फॅब्रिकेटरने चेकर्ड प्लेटचा, म्हणजे पाय-चाक न घसरणाऱ्या खडबडीत लोखंडी पत्र्याचा, रॅम्प करून भिंतीलगत बसवला. दुचाकी एकही हलवावी लागली नाही. पहिल्या दिवशी कोणाचाही हात न लागता मी लिफ्टपर्यंत गेले, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

घर शोधणाऱ्यांनी टोकन देण्याआधीच रॅम्पची लेखी परवानगी मागावी. टोकन गेलं की घाई फक्त आपल्याला उरते. शिवाय घर भाड्याने द्यायला सोसायटीची “एनओसी (ना हरकत पत्र) लागेल” असं सेक्रेटरी म्हणाले तर घाबरू नका. सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. रॅम्प सामायिक जागेत येतो, म्हणून तेवढ्यापुरतीच परवानगी घ्यायची.

घर बघायला जाण्याआधी एजंटकडून बाथरूमच्या दाराचा व्हिडिओ मागवा, मोजपट्टी लावून. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती राहते तेच माप खरं. माझ्या खुर्चीची रुंदी ६४ सेंटिमीटर आहे आणि बरीच घरं याच एका मापावर बाद झाली. त्या चकरा आणि रिक्षाचे पैसे वाचले.

करारनामा अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचा ठसा आणि फोटो घ्यायला माणूस घरी येतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढायची गरज नाही, एजंटने सांगितलं तरी जाऊ नका. शहरात नोंदणी फी १००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं, आणि घरी येणाऱ्याची फी आधीच विचारून घ्या.

त्याच करारात एक ओळ घालून घ्या: रॅम्प आणि दांडे भाडेकरूच्या मालकीचे, घर सोडताना ते नेण्याचा हक्क राहील. मी ती घालून घेतली आहे. पुढचं घर कुठेही मिळालं तरी रॅम्प माझ्यासोबत येणार.