कोल्हापुरात आवडत्या पैलवानाला भेटायचं असेल तर

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापुरात पोचते आणि पैलवानाला भेटायला आलेले बरेच चाहते इथंच गडबड करतात. स्टेशनवरून रिक्षा करून थेट तालमीच्या दारात जातात. तोवर साडेआठ-नऊ झालेले असतात. पैलवान पहाटे चारच्या सुमारास उठलेला असतो. मेहनत म्हणजे व्यायाम, मातीतली लढत, अंघोळ सगळं उरकून तो थंडाई पितो, जेवतो आणि झोपतो. ही झोप खुराकाइतकीच महत्त्वाची. सकाळी पिळून निघालेलं अंग त्या वेळात भरून येतं, कारण संध्याकाळी पुन्हा हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत उतरायचं असतं. अशा वेळी दार वाजवलं तर कुणी रागावत नाही. "झोपल्यात, सांजच्याला या," एवढंच सांगतात. पण उठवायला आलेला माणूस वस्तादांच्या, म्हणजे तालमीतल्या गुरूंच्या ध्यानात राहतो.

म्हणून भेटीची वेळ संध्याकाळची धरायची आणि सकाळ खासबागेच्या कुस्ती मैदानाला द्यायची. स्टेशनवरून रिक्षाने किंवा केएमटीच्या शहर बसने भवानी मंडपापर्यंत या. मुक्काम शक्यतो महाद्वार रोड, बिंदू चौक या भागात करा. मोतीबाग तालीम भवानी मंडपाजवळ, खासबाग मैदान तिथून चालत दहा मिनिटांवर आणि गंगावेस तालीमही पायी जाण्यासारखी. हायवेलगतच्या हॉटेलात उतरलं की दुसऱ्या दिवशी पहाटेची मेहनत बघायची हुकते, कारण त्या वेळी तिकडून रिक्षा मिळणं अवघड असतं.

खासबागेत मैदान, म्हणजे कुस्त्यांचा कार्यक्रम नसतानाही जाऊन यावं असं माझं ठाम मत आहे. शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, रोममधला आखाडा त्यांनी पाहिला आणि परत आल्यावर कोल्हापुरात हे मैदान उभं केलं. 1912 पासून इथं कुस्त्या होत आहेत. मधे हौदा आणि भोवती चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, अशी रचना. सगळ्यात वरच्या कडेला जाऊन बसा. पुढच्याच्या डोक्याची अडचण न होता हौद्यातली माती पूर्ण दिसते. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात इथं बसलेल्या शेतकऱ्यालाही पाठ टेकली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, हा विचार त्या उतारात आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 च्या आगीत जळालं. ती बाजू बघताना कुठल्याही कोल्हापूरकराच्या पोटात अजून तुटतं.

दुपारी तुम्हीही झोप काढा. चारच्या पुढे तालमीकडे निघा.

तालमीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, आधी मारुतीला हात जोडायचे आणि मग वस्ताद कुठं बसलेत ते बघायचं. समोर आपला पैलवान दिसत असला तरी पहिला रामराम वस्तादांना. तालमीत कुणी कुणाला भेटायचं, कधी आणि किती वेळ, हे तेच ठरवतात. "कुठनं आलासा?" हा पहिला प्रश्न असतो आणि तो नुसता औपचारिक नसतो. गाव सांगितलं की त्या गावच्या यात्रेचं मैदान, तिथं लढलेले पैलवान, सगळं वस्तादांच्या तोंडावर असतं. आपल्या गावात किंवा जवळपास कुस्तीचं मैदान भरतं का, एवढं तरी माहीत करून जावं. कुणाला भेटायचं ते सांगताना नुसतं नाव घेऊ नये. पोरगा विशीतला असला तरी अमुक पैलवान असंच म्हणायचं. मग "बसा की" म्हटलं की भिंतीला टेकून बसायचं, हौद्याच्या कट्ट्यावर पाय सोडून नाही. काही जुन्या तालमींत बायकांना हौद्यापर्यंत जाऊ देत नाहीत, तेव्हा सोबत घरची मंडळी असतील तर आधीच विचारून घ्यावं.

भिंतीवर फोटो असतात. ते बघत बसा, कारण वस्ताद हटकून विचारतात. श्रीपती खंचनाळे 1959 चे पहिले हिंदकेसरी, गणपतराव आंदळकर 1960 चे हिंदकेसरी आणि 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेले. दादू चौगुले 1970 आणि 1971 असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी. आंदळकर आणि चौगुले दोघेही मोतीबागेच्या मातीतले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. ही नावं ओळखणाऱ्या माणसाला तालमीत चहा मिळतो आणि चहा मिळाला की भेटीची निम्मी वाट सरली.

आता हौदा नीट बघा. लढतीआधी माती फावड्याने खालवर करतात. हे कामही पैलवानच करतात, कारण दंड आणि कंबर त्यात चांगली तापते. मग जाड लाकडी फळीवर एखादं पोरगं बसवून दुसरा ती दोरीने ओढत फिरवतो आणि माती सपाट होते. ती साधी माती नसते. तांबड्या मातीत हळद, लिंबाचा रस, ताक, तेल, कापूर, काव असं सगळं मुरवलेलं असतं. हळद-लिंबामुळे खरचटलेलं चिघळत नाही आणि तेल-ताकामुळे माती मऊ राहते, धूळ होऊन नाकातोंडात जात नाही. मूठभर माती हातात घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की लगेच मोडतो. ओल कमी-जास्त झाली तर पाय सरकतो किंवा आपटल्यावर खांदा जातो.

लढत सुरू झाली की मोबाईल खिशात. या नियमामागे कारण आहे आणि ते समजून घेतलं तर राग येत नाही. पैलवानाच्या गुडघ्याला पट्टी असेल, तो डाव्या बाजूने पट काढायचं, म्हणजे पाय धरून पाडायचं टाळत असेल किंवा नवीन डाव बसवत असेल, तर दहा सेकंदांच्या व्हिडिओतही ते दिसतं. पुढच्या मैदानात समोर उभा राहणारा गडी तेच बघून तयारी करतो. चाहत्याने हौसेने टाकलेली रील पैलवानाच्या इनामावर पाणी फिरवू शकते. त्याऐवजी डोळ्यांनी बघा. सुरुवातीची हातघाईची खडाखडी किती वेळ चालते, तो पहिला हात कुठं घालतो, घिस्सा डाव मारतो की ढाक लावतो, खाली आल्यावर पाठीवर बसलेल्याची सवारी कशी सोडवतो. हे बघितलेलं पुढच्या पाच मिनिटांत कामी येतं.

कारण भेट साधारण तेवढीच असते. लढत संपली, अंग थोडं निवलं, वस्तादांनी हाक मारली की तो येतो. तेव्हा मिठी मारू नका, खांद्यावर थाप मारू नका आणि फुटलेल्या कानांना तर चुकूनही हात लावू नका. ते कान घासून घासून आत रक्त साकळल्याने तसे झालेले असतात आणि ताजे असतील तर फार ठणकतात. हात पुढे केला तरी बोटं आवळू नयेत, पैलवानाचं एखादं तरी बोट दुखावलेलं असतंच. अंगावर नायटा किंवा ताप, सर्दी असेल तर त्या दिवशी तालमीत जाऊच नये. एकाच्या कातडीवरचं हौद्यातून सगळ्यांना लागतं.

बोलायचं काय? "मी तुमचा लई मोठा फॅन" यावर तो हसून मान डोलावतो आणि गप्प होतो. पण "अमुक गावच्या मैदानात तुम्ही एकलंगी डावावर गेला होता, मधेच घिस्सा कसा काढला?" असं विचारा. मग तो उठून उभा राहतो आणि शेजारच्या पोराला धरून दाखवतो. अशा वेळी पाच मिनिटांची वीस कधी होतात कळत नाही. फोटो शेवटी आणि विचारून. लंगोटावरचा फोटो बहुतेकांना नको असतो, कपडे घालून येईपर्यंत थांबावं.

काय न्यायचं याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं प्रेमापोटी नुकसान होतं. प्रोटीन पावडर, ताकदीच्या गोळ्या, कसलीही बंद डब्यातली पूरकं नेऊ नयेत, कितीही महागातली असली तरी. स्पर्धेत खेळणाऱ्या पैलवानाची उत्तेजक चाचणी होते आणि अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेलं काही सापडलं तर बंदी त्याच्यावर येते, देणाऱ्यावर नाही. हार, शाल, नारळ यांचा ढीग तालमीत आधीच असतो. बदाम न्या. किलोभर, साल असलेले, बिनमिठाचे, न भाजलेले. थंडाईसाठी ते रात्री भिजत घालतात, सकाळी साल काढतात आणि खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे घालून दगडी कुंडीत लाकडी दांडक्याने घोटतात. खारे किंवा भाजलेले बदाम त्यात चालत नाहीत. घरचं तूप असेल तर उत्तम. पैसे द्यायची इच्छा असेल तर तालमीत पैलवानाच्या हातात देऊ नका. वस्तादांना विचारून हौद्यासाठी तेलाचा डबा किंवा हळद द्या. त्या मातीत तालमीतली सगळी पोरं लोळतात, त्यातच आपला पैलवानही आला.

भेट झाल्यावर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नक्की जा. समोर म्हैस उभी, तिथंच धार काढून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. सवय नसेल तर आधी अर्धा पेलाच घ्यावा, पोट बिघडून दुसरा दिवस वाया जातो.

मोसमाचं गणितही नीट समजून घ्यायला हवं. दिवाळीनंतर मैदानं सुरू होतात आणि चैत्रातल्या गावोगावच्या यात्रांत तर पैलवान एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर फिरत असतो. या दिवसांत तालमीत तो सापडेलच असं नाही. मॅटवरच्या स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन दिवस तर पूर्ण टाळावेत. 57, 65, 74 किलोच्या गटातला पैलवान तेव्हा वजन उतरवत असतो, खाणं-पाणी तोडलेलं असतं आणि बोलायचं त्राणही नसतं. महाराष्ट्र केसरीच्या 86 ते 125 किलो गटातल्यांना वजनाचा ताण कमी, पण मनावरचं ओझं तेवढंच.

भेटायला सगळ्यात चांगले दिवस पावसाळ्याचे. मैदानं बंद, पैलवान तालमीत, मेहनत जोरात. फक्त पंचगंगेवर लक्ष ठेवायचं. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 फुटांवर धोक्याची. ही आकडेवारी पावसाळ्यात रोज बातम्यांत येते. पाणी 39 च्या पुढे चढत असेल तर निघूच नका. नदीकडच्या पेठांत पाणी शिरतं, आसपासचे रस्ते बंद होतात आणि 2019 च्या पुरात तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी तालमीतली पोरं लोकांची सामानं हलवायला धावतात, पाहुण्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

पावसाळा जमलाच नाही तर मैदान गाठा. पण एक नंबरची, म्हणजे मैदानातली सगळ्यात मोठी कुस्ती सुटल्यावर पैलवानाकडे धावत जाण्यात अर्थ नाही. लोक त्याला खांद्यावर घेतात, हलगी-घुमकं कानठळ्या बसवतात, आणि बघता बघता तो गाडीत बसून निघून जातो. तो निघण्याआधीची एक वेळ साधायची. जिंकलेला पैलवान बऱ्याच मैदानांत हौद्याभोवती फेरी मारतो आणि लोक खुशीने बक्षीस देतात. त्यासाठी दुपारी लवकर, म्हणजे नारळ, रेवडी अशा छोट्या बक्षिसांवरच्या पोरांच्या कुस्त्या सुरू असतानाच पुढची जागा धरून बसा. शंभराच्या, पन्नासाच्या सुट्ट्या नोटा खिशात ठेवा, पाकीट काढून शोधत बसलात तर तो पुढे गेलेला असतो. नोट हातात देताना तालमीचं नाव घेऊन "गंगावेशीत येतो पैलवान, वस्तादांना सांगून" एवढं एकच वाक्य म्हणा. गर्दीतला चेहरा तो विसरतो, पण वस्तादांचं नाव काढलेलं ऐकतो. थोडी मोठी रक्कम द्यायची असेल तर निवेदकाकडे नाव आणि गाव लिहून चिठ्ठी द्या. माइकवरून पुकारा होतो आणि पैलवान स्वतः येऊन बक्षीस घेतो.

निकाली कुस्ती किती वेळ चालेल ते कुणालाच सांगता येत नाही. चितपट होईपर्यंत खेळ चालतो, नाहीतर पंच बरोबरीत सोडवतात. फ्लेक्सवर दुपारी दोनची वेळ असली तरी मोठ्या जोडी लागेपर्यंत दिवे लागलेले असतात. खेड्यातल्या मैदानाला एसटीने जायला हरकत नाही, पण कोल्हापूरला परतायची जीप किंवा कुणाची तरी गाडी जातानाच ठरवून ठेवा. एक नंबरची कुस्ती संपते तेव्हा शेवटची एसटी बहुधा गेलेली असते.