मॅट कुणाच्या पैशाची?

आज भाचीला ज्युदोच्या सरावाला सोडायला बेळगाव तालुक्यातल्या एका गावी गेलो. सराव कुठं, तर समुदाय भवनात. लग्नाची तिथी असली की पोरींना सुट्टी! मॅटचे तुकडे जागोजागी फाटलेले, त्यावर ताडपत्री ताणून बांधलेली. सर म्हणाले, "अर्ज दिलाय की. बघू म्हणालेत."

ह्याच तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५२ किलो गटात कुराशचं ब्राँझ घेऊन आली. कुराश म्हणजे उझबेकिस्तानची उभ्यानं खेळायची कुस्ती. जमिनीवरची पकड त्यात चालत नाही. त्या वर्षीच हा खेळ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आला. मलप्रभा मुळात ज्युदोची, म्हणून तिला तो साधला. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही.

क्रीडा हा विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिलाय, म्हणजे आमच्यासाठी बेंगळुरूकडे. तिथून गावापर्यंत पैसा यायचा तेव्हा येईल. पण आपल्या यात्रेचं काय? कुस्ती मैदानाला घरटी वर्गणी निघते, बाहेरच्या पैलवानाला एका जोडीसाठी मोठी रक्कम जाते. मला कुस्ती आवडते, तालमीतच वाढलोय. तरी त्यातला थोडा वाटा मॅटला गेला तर लाल मातीचं काय बिघडणार आहे?

यात्रा कमिटीच्या बैठकीत हे मांडणार आहे. अण्णा-काका मंडळी चिडतील, चिडू देत. कोण कोण बाजूनं बोलणार, ते आत्ताच सांगा.