पांझरेच्या फडावर संचालक मंडळ

हिंगोली जिल्ह्यातल्या हळद उत्पादकांच्या एका शेतकरी कंपनीचं व्यवस्थापन मी बघतो. संचालक मंडळावर सगळे शेतकरी. त्यांच्यासाठी नेतृत्व विकासाची प्रशिक्षणं पुष्कळ होतात. सभागृह, प्रोजेक्टर, दुपारचं जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. मी मात्र दरवर्षी थंडीत त्यांना गाडीत घालून दुसऱ्यांच्या शिवारात नेतो. बियाणं कोणतं, एकरी उतारा किती, हे ते विचारतातच. माझा आग्रह आणखी एका प्रश्नाचा असतो: तुमच्याकडे शेवटचं भांडण कशावरून झालं आणि ते मिटलं कसं? गावाचा कारभार कसा चालतो ते या उत्तरातून जितकं कळतं, तितकं कुठल्याच फ्लेक्सवरून कळत नाही.

त्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरचाच होता. कंपनीनं हळद शिजवायचा कुकर घेतला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी एकदमच येते आणि काढलेली हळद शिजवायला फार दिवस थांबत नाही. कुकर एक, मागणारे पाच गावांतले. आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपनीची सोय कायद्यात २००२ साली आली, आणि त्यात शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. पण कुकरपुढे ट्रॅक्टर लागले की मत कोण मोजतो! ज्याची ओळख मोठी त्याची ट्रॉली पुढे. दोन संचालकांचं बोलणं बंद झालं होतं आणि दौऱ्याला निघताना ते गाडीत पुढे आणि मागे असे बसले होते.

वाटेत जालन्याजवळ कडवंची केलं. पाणलोटाचं काम, प्लास्टिकचं अस्तर टाकलेली शेततळी आणि त्यावर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा, हे तिथं डोळे भरून पाहण्यासारखं आहे. पण त्या दौऱ्यातला खरा दिवस उगवला तो धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी.

फड पद्धत पुस्तकात वाचलेली होती. तीनेकशे वर्षांपासून पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावकऱ्यांनी चालवलेली सिंचनाची व्यवस्था. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पुढे चाऱ्या आणि सारंग, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे पाट. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठल्या फडात, गहू कुठल्या, आणि पाणी कमी असेल तर कोरडा कुठला ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. धरणं झाली, विहिरी झाल्या, आणि बऱ्याच बंधाऱ्यांवर ही शिस्त आता ढिली पडली आहे. आम्ही गेलो तिथं ती अजून चालू होती.

गव्हाला पाणी चाललं होतं. वयस्कर पाटकरी गुडघाभर चिखलात उभे. एका वाफ्याचं तोंड फावड्यानं कापलं, पाणी आत वळलं, शेवटच्या सरीपर्यंत पोचेतो ते तिथंच थांबले. मग त्याच चिखलाचे दोन गोळे टाकून तोंड बुजवलं, वरून पाय दिला आणि पुढच्या वाफ्याकडे निघाले. शेजारी शेताचे मालक बांधावर बसून आमच्याशी गप्पा मारत होते.

आमचे आप्पा, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष, त्यांना म्हणाले, ‘‘तुमचं रान भिजतंय अन् तुम्ही बसून?’’

‘‘मालकानं फावडं धरायचं नाही. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं.’’

‘‘अन् एखाद्यानं रात्री फोडून घेतलं तर?’’

‘‘त्याला जागल्या आहे, रात्री पाटाची राखण करतो. फुटलंच तर पंच बसतात, दंड होतो. माझ्या चुलत्याला झालेला आहे.’’

आप्पांनी मग पाटकऱ्यांना गाठलं. ‘‘बाबा, फड कोरडा ठेवायचा ठरलं की ज्याचं रान त्या फडात, त्याचं मरणच की हो!’’

बाबा फावडं टेकून उभे राहिले. म्हणाले, ‘‘एकाचं कसं होईल? प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात आहे. कोरडा राहिला तर सगळ्यांचाच थोडा थोडा राहतो.’’

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही ते पहिल्यांदाच नीट उमजलं. तोट्याची वाटणी आधीच करून ठेवली असेल, तर पंचांना दरवर्षी मोठं मन दाखवावं लागत नाही. आमच्याकडे आम्ही अध्यक्षाच्या चांगुलपणावर सगळा भार टाकला होता. माणूस चांगला होता, पण त्याचीही हळद त्याच आठवड्यात निघत होती.

परतीच्या वाटेवर हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ पासून उभं करत आलेलं गाव. त्याच्याबद्दल इतकं लिहून आलंय की मी वेगळं काय सांगू. पावसाच्या मोजमापावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही. पण पाटकऱ्याला भेटून आल्यामुळे आमच्या लोकांनी तिथं प्रश्न वेगळे विचारले. ताळेबंद मांडतो कोण? वाचून दाखवतो कुठे? ज्याला पटत नाही त्यानं बोलायचं कधी? एरवी अशा ठिकाणी आमची मंडळी फोटो काढून मोकळी होतात.

गाडीत नियम लिहायला बसले ते अबोला धरलेले दोघेच. एकाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहिलं: कुकरवरच्या कारागिराशिवाय कुणीही नंबर लावायचा नाही. संचालकानं कुकरच्या शेडमध्ये थांबायचं नाही. पहिलं गाव दरवर्षी बदलेल. गावात ज्याची काढणी आधी, त्याचा नंबर आधी. पाऊस आला आणि थांबलेल्या ढिगाचं नुकसान झालं, तर ते त्या हंगामात कुकर वापरणाऱ्या सगळ्यांनी क्विंटलमागे वाटून घ्यायचं. या शेवटच्या कलमावर जिंतूर येईपर्यंत वाद चालला. आप्पा म्हणाले, ‘‘फडासारखं करायचं तर हेच कलम पाहिजे, बाकीची नसली तरी चालतील.’’

सर्वसाधारण सभेत ते मंजूर झालं, पण सहज नाही. दोन गावांनी विरोधात मत दिलं आणि त्यातल्या एका गावाची हळद अजूनही खासगी कुकरवर जाते. त्यांना परत आणायचं काम बाकी आहे.

त्या हंगामात कारागिरानं आप्पांच्या हळकुंडात काडी टोचून पाहिली, ती अडली. ‘‘आप्पा, अजून कच्ची आहे, आणि तुम्ही शेडच्या बाहेर व्हा,’’ तो म्हणाला. आप्पा बाहेर गेले.

आता पुढचा दौरा महिला गटाचा आहे. हळद काढण्यापासून वाळवण्यापर्यंतचं निम्म्याहून जास्त काम बायकांच्या हातचं, आणि मंडळावर त्या नावाला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंनी घरात उभी केलेली गावरान बियाण्यांची बँक त्यांना पाहायची आहे. गाड्या ठरल्या आहेत. प्रश्न त्यांनी स्वतःच वहीत लिहून काढलेत, आणि त्यातला पहिला आहे: घरच्यांनी सुरुवातीला विरोध केला तेव्हा काय केलंत?