झोआंच्या मागे लागलेली न्यूडी

मंगळवार, रात्री उशिरा

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या दगडावरचे झोआ, म्हणजे फुलांसारखे दिसणारे, वसाहतीने राहणारे छोटे समुद्री जीव, गेले काही दिवस नीट उघडत नाहीयेत. सगळे नाही हं, मधला एक पट्टाच, कडेचे पॉलिप (एकेक फूल म्हणजे एक पॉलिप) मस्त फुललेत आणि मधले घट्ट मिटून बसलेत. पाणी तपासलं, सॅलिनिटी (खारेपणा) 1.025, टेंपरेचर 26 च्या आत, नायट्रेट नेहमीसारखं. आणि पाणी बिघडलं असतं तर लेदर कोरलने, म्हणजे चामड्यासारख्या मऊ प्रवाळाने, सगळ्यात आधी मान टाकली असती, तो तर मजेत उभा आहे. म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही, कोणीतरी खातंय त्यांना.

म्हणून आज टँकचे लाइट बंद झाल्यावर दोनेक तास जाऊ दिले, टॉर्चला लाल जिलेटिन लावलं आणि काचेला नाक लावून बसलो. पांढरा उजेड मारला की रात्रीचे प्राणी लगेच दगडाखाली सटकतात, लाल उजेडाला तेवढे बिचकत नाहीत. बराच वेळ काहीच नाही, नुसते ॲम्फिपॉड, कोळंबीचे चिमुकले भाऊबंद, इकडून तिकडे. आणि मग एक मिटलेला झोआ हलला. म्हणजे मला वाटलं झोआ हलला, तो झोआ नव्हताच! जेमतेम सात-आठ मिलिमीटरची न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, आम्ही न्यूडी म्हणतो, पाठीवर बारीक बारीक बोटं, आणि त्या बोटांची टोकं हुबेहूब माझ्या झोआच्या स्कर्टच्या, म्हणजे कडेच्या झालरीच्या, हिरव्या रंगाची. हा रंग तिचा स्वतःचा नाही, झोआ खाते आणि त्यांच्यातलं सूक्ष्म शैवाल, रंग, सगळं आपल्या अंगात साठवते, म्हणून तर दिवसा डोळ्यासमोर असली तरी दिसत नाही. पॉलिपच्या देठाला बिलगून बसली होती, तोंड देठात, बाकी अंग एकदम स्थिर. थोडा वेळ नुसता बघत राहिलो, सुंदरच होती. मग सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने अलगद ओढून घेतली.

एक सापडली म्हणजे एकच आहे असं कधी नसतं. उद्या दगड बाहेर काढून बघायला लागणार.

बुधवार

दगड काढायच्या आधीच लेकीने शोधून दिलं. शाळेचे बूट घालता घालता काचेशी वाकली आणि म्हणाली, बाबा, ते पांढरं गोल गोल काय आहे? दगडाच्या खालच्या अंगाला, दोन देठांच्या बेचक्यात, पांढऱ्या दोऱ्याचं बारीक वेटोळं. भिंगातून बघितलं तर दोऱ्यात टिंबं टिंबं, प्रत्येक टिंब म्हणजे एक अंडं. न्यूडीमध्ये नर वेगळा मादी वेगळी असं नसतं, प्रत्येक जण दोन्ही असतो, त्यामुळे कोणतीही दोघं भेटली की दोघंही अंडी घालतात. म्हणून यांची संख्या इतक्या पटकन वाढते.

आणि ही टँकमध्ये आली कशी तेही त्या वेटोळ्याने सांगितलं. मागे एका मित्राकडून फ्रॅग, म्हणजे प्लगवर (छोट्या चकतीवर) चिकटवलेला झोआंचा तुकडा, आणला होता, त्याला रीतसर आयोडीनचा डिप दिला, म्हणजे थोडा वेळ त्या पाण्यात बुडवला, चाळणीत हलवला, जे पडलं ते टाकून दिलं. चालतीफिरती न्यूडी त्यात सुटून खाली पडते, पण अंड्यांना डिपने काही होत नाही. प्लगच्या खाचेत चिकटलेली अंडी डिपमधून सहीसलामत येतात आणि साधारण आठवडाभरात, थोडं मागेपुढे, फुटतात. मित्राच्या टँकमध्येही तेच चालू असणार, त्याला लगेच फोन केला. तो बिचारा म्हणाला माझे पण झोआ मिटतायत, मला वाटलं लाइट जास्त झाला. दोघांनी मिळून ठरवलं, दोन्ही टँक साफ होईपर्यंत कोणालाही फ्रॅग द्यायचा नाही, कितीही जवळचा असला तरी.

रविवार

आज पहिला मोठा डिप. लिहून ठेवतो, कारण टँकवाल्यांच्या ग्रुपमधल्या नवीन पोरांना हे नेहमी सांगायला लागतं आणि त्यातला पहिला मुद्दा न्यूडीचा नाहीच, झोआंचा आहे.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ, यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआमधून हे विष पहिल्यांदा वेगळं काढलं, जगातल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. कोणत्या झोआत किती हे बघून कळत नाही, त्यामुळे प्रत्येकात आहे असं धरूनच चालायचं. ब्रशने दगड घासताना एक थेंब डोळ्यात उडाला किंवा हाताला खरचटलेलं असलं तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं. आणि झोआ काढून टाकायचे म्हणून दगड उकळायचा, हे तर कधीच, कधीच करायचं नाही, वाफेतून विष छातीत जातं आणि सगळं घर आजारी पडतं. मुंबईत आपले फ्लॅट केवढेसे, किचनमध्ये उकळलेल्या पातेल्याची वाफ बेडरूमपर्यंत पोचतेच. म्हणून आज नायट्राइलचे हातमोजे, चष्म्यावर गॉगल, मास्क, बाल्कनीचं दार उघडं, आणि लेकीला आजीबरोबर खाली बागेत पाठवून दिलं. ती जाम रुसली, पण याला इलाज नाही.

मग काम. एका बादलीत आरओचं पाणी, हीटर लावून टँकच्या टेंपरेचरवर आणलेलं, खायचा सोडा घालून पीएचही टँकच्या जवळ आणलेला. गोड्या पाण्यात झोआ दोन-तीन मिनिटं तग धरतात, न्यूडीला ते सोसत नाही. दगड आत बुडवला आणि सिरिंजने सगळ्या बेचक्यांमधून जोरात पाणी मारलं. आधी नुसता कचरा निघाला, मग एक पडली, मग अजून एक, मग एकदम तीन, सगळ्या त्याच हिरव्या रंगाच्या, पाण्याबाहेर काढल्यावर आकसून अशा झाल्या की ओळखू येईनात. मग दगड टँकच्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खंगाळला. अंड्यांचं वेटोळं चिमट्याने सोललं, जिथे सोलता येईना तिथे जुन्या टूथब्रशने घासलं, आणि ज्या फ्रॅगचा प्लग होता तो प्लगच फेकला, झोआ कापून नवीन कोऱ्या प्लगवर चिकटवले. हे प्लग बदलणं लोक कंटाळा म्हणून टाळतात पण अर्धी लढाई तिथेच आहे, अंडी पॉलिपवर कमी आणि बुडाशी, खाचेत, मागच्या बाजूला जास्त असतात. शेवटी ब्रश, चिमटा, मोजे, बादली सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवलं, ब्लीचने पॅलिटॉक्सिन निकामी होतं.

संध्याकाळी लेक वर आली आणि तिने उरलेल्या न्यूडींचं काय केलं विचारलं. खोटं बोललो नाही, गोड्या पाण्यात मेल्या म्हटलं. तिचं म्हणणं, हाजी अलीला समुद्रात सोडायच्या होत्या ना. तिचं मन मला कळतं, कारण ओहोटीला मी तिला तिथे घेऊन गेलोय, हाजी अलीच्या खडकांवर झोआंच्या आख्ख्या चादरी पसरलेल्या तिने बघितल्यात, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सुंदर सुंदर न्यूडीही सापडतात, मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले 2017 पासून लोकांना हेच दाखवत फिरतायत. पण माझ्या टँकमधल्या या कुठल्या समुद्रातून आल्या, अंगावर काय घेऊन आल्या, कोणालाच माहीत नाही. त्या आपल्या किनाऱ्यावरच्या झोआंवर सोडणं म्हणजे तिथल्या जीवांवर अन्याय. टँकमधलं काहीही समुद्रात जाणार नाही, मासा नाही, गोगलगाय नाही, शैवालाचा तुकडासुद्धा नाही. तिला पटलं का माहीत नाही. गप्प बसली.

गुरुवार

छोटीशी नोंद. दगडाखाली एक सनडायल गोगलगाय सापडली, चपटा शंख, काळे-पांढरे चौकोन. ही पण झोआच खाते. शंखाचं दार लावून घेते त्यामुळे डिपचा काही उपयोग नाही, हातानेच उचलायची. उचलली.

शुक्रवार, रात्री

मुलुंडचा दादा येऊन टँक बघून गेला, या नादात आमच्यापेक्षा किती तरी जुना माणूस. त्याचा सल्ला, पिवळा रॅस टाक, तो न्यूडी वेचून खाईल. रॅस चांगलाच मासा आहे आणि मी आणणारही आहे, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहणार नाही. रॅस दिवसपाळीचा, लाइट गेले की वाळूत घुसून झोपतो, आणि न्यूडीची रात्रपाळी तेव्हाच सुरू होते. उघड्यावर दिसलेली खाईल, बेचक्यातली राहील, अंड्यांना तर तो तोंड लावेल याची काहीच खात्री नाही. काही लोक बागेतल्या झाडांचं इमिडाक्लोप्रिडचं कीटकनाशक डिपला वापरतात, तेही दादाने सांगितलं. माझ्या टँकमध्ये कोळंबी आहेत, खेकडे आहेत, त्यांच्यासाठी ते थेट विष आहे, एक थेंबही चुकून गेलेला मला चालणार नाही. आणि इतकं करूनही अंडी जिथल्या तिथेच.

मग बोलता बोलता विषय ॲक्रोपोराच्या फ्लॅटवर्मवर गेला, म्हणजे ॲक्रोपोरा नावाचा स्टोनी (दगडी सांगाड्याचा) कोरल खाणाऱ्या चपट्या किड्यावर. आमच्याकडे तो प्रश्न नाही, भारतात सगळे स्टोनी कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, वाघाच्या पंगतीला, आणि मला ते योग्यच वाटतं, माझ्याकडे झोआ, मशरूम कोरल आणि लेदर एवढंच. पण परदेशातल्या टँकवाल्यांना त्या किड्याने रडवलंय. त्याची गंमत अशी की शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये त्याचं वर्णन केलं ते मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून, खऱ्या समुद्रात, ग्रेट बॅरिअर रीफवर, तो सापडल्याचं 2012 मध्ये छापून आलं. समुद्रात तो इतका कमी, इतका लपलेला, की कोणाच्या नजरेतच आला नव्हता, आणि काचेच्या पेटीत त्याने वसाहतीच्या वसाहती संपवल्या. न्यूडीचं तेच आहे. समुद्रात तिला खाणारे ढीगभर, पुढचा झोआ गाठायला किती तरी अंतर, आणि अंडी फुटली की पिल्लं प्रवाहात कुठल्या कुठे. माझ्या चार फुटांत खायला भरपूर, खाणारा कोणी नाही, पळायला जागा नाही. तिचा काही दोष नाही, ही परिस्थिती मी तयार केलीये, त्यामुळे झोआंना सांभाळायची जबाबदारी पण माझीच. त्या फ्लॅटवर्मची अंडी पण कोरलच्या बुडाशी, जिथे नुसता सांगाडा उघडा पडलाय तिथे, आणि त्यांनाही डिपने काही होत नाही. किडा वेगळा, कोरल वेगळा, हिशोब तोच. औषध किती कडक यावर काही नाही, अंडी फुटून पिल्लं बाहेर पडली आणि ती स्वतः अंडी घालायच्या वयाची झाली, या दोन गोष्टींच्या मधल्या दिवसांत डिप पडला पाहिजे. एक डिप चुकवला की परत पहिल्यापासून.

म्हणून दर रविवारी, न चुकता. पुढच्या महिन्यात बायकोच्या भावाचं लग्न आहे पुण्याला, रविवारीच, तर तो डिप शनिवारी उरकायचा, सोमवारवर ढकलायचा नाही. भिंग घेऊन सलग काही आठवडे एकही वेटोळं दिसलं नाही आणि रात्रीच्या लाल टॉर्चमध्येही काही सापडलं नाही की मग थांबायचं. नवीन काही आणलं तर वेगळ्या छोट्या टँकमध्ये महिना-दीड महिना ठेवूनच मोठ्यात टाकायचं, ती टाकी उद्या क्रॉफर्ड मार्केटला बघून येतो, साधी काचेची, एक हीटर, एक स्पंज फिल्टर, एवढं बास.

मधल्या पट्ट्यातले काही पॉलिप आज अर्धे उघडले होते. खाल्लेले देठ आहेत ते परत येणार नाहीत, पण कडेने दोन नवीन कोंब दिसतायत. रविवारसाठी आरओ भरायला लावलाय, सोडा संपलाय, आईला सांगितलंय सकाळी वाण्याकडून आणायला.