आबांची मॅसी अण्णांच्या नावावर करताना

आमच्या पडवीत १९७४ सालची मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर उभी असते. घरी कुणीही आलं तरी चहाआधी तिच्याभोवती एक फेरी मारतंच. मडगार्डवर हात फिरवायचा, बॉनेट उघडून तीन सिलेंडरचं सिम्पसन इंजिन बघायचं आणि मग ठरलेला प्रश्न, "चालते का अजून?" अण्णा, म्हणजे माझे वडील, उत्तर देत नाहीत. सरळ जाऊन सेल्फ मारतात.

तिचं कौतुक ऐकून मलाही बरं वाटतं. पण मागच्या वर्षी तिचे कागद नीट करताना सात महिने गेले आणि अकरा खेपा झाल्या. तिच्यात कुठे बिघाड असता तर मिस्त्री बोलावून एका दुपारी निघाला असता.

ट्रॅक्टर आबांच्या, म्हणजे आजोबांच्या नावावर. आबा गेले २०११ साली. नियमाने वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचा अर्ज द्यायचा. आमच्याकडे तेरा वर्षं हा विषयच निघाला नाही. विमा काढणाऱ्याने "या वर्षी काढून देतो, पुढच्या वर्षी मयताच्या नावावर नाही जमणार" असं बजावलं, तेव्हा आम्ही हललो. उशिराचा दंड भरला, त्याबद्दल तक्रार नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही आत्यांच्या सह्या, सगळं आठवड्यात झालं. एम.एच. येण्याआधीचा तीन अक्षरी जुना नंबर कॉम्प्युटरवर नव्हता, तोही चढवून मिळाला.

मग खिडकीतल्या बाईंनी आर.सी. बुकाचं मागचं पान उलटलं. तिथे फिकट जांभळा शिक्का होता. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, एका बँकेच्या तालुका शाखेचा बोजा.

"बोजा उतरवायला फॉर्म ३५ वर बँकेची सही आणि एन.ओ.सी. आणा."

"मॅडम, कर्ज फिटून चाळीस वर्षं झाली."

"मग सोपंच आहे की."

सोपं नव्हतं, कारण ती बँक आता नाही. मधल्या काळात ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नव्या बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या मुलाने आबांचं नाव टाकून पाहिलं आणि म्हणाला, "खातं दिसत नाही. जे खातंच नाही त्याचं एन.ओ.सी. कसं देऊ?" मी म्हटलं, मग तेवढंच लिहून द्या, की खातं नाही आणि बाकीही नाही. त्यावर तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "नाही असं लिहून द्यायचा अधिकार शाखेला नाही. विभागीय कार्यालयाला अर्ज करा."

अर्ज केला. दीड महिना उत्तर नाही. गेलो तर अर्ज शाखेकडे अभिप्रायासाठी आलेला होता. शाखेने काय अभिप्राय दिला? खातं दिसत नाही. तो कागद परत वर गेला. वरून मला पत्र आलं, "कर्ज खाते क्रमांक व परतफेडीचा पुरावा सादर करावा." खातं क्रमांक माझ्याकडे असता तर मी यांच्या दारात कशाला बसलो असतो? तिकडे आर.टी.ओ.च्या बाई दर वेळी तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायच्या. त्यांच्यावर माझा राग नाही, शिक्का खोडायला त्यांनाही काहीतरी कागद लागणारच. राग आहे तो "सिस्टीममध्ये नाही" या दोन शब्दांवर. जणू सिस्टीम येण्याआधी कुणी कर्ज घेतलंच नव्हतं.

एजंटाने मध्येच शक्कल काढली, "पन्नास वर्षं झालीत ना, व्हिंटेजमध्ये टाका." दोन रात्री मी त्यावर वाचत बसलो. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे खरी. व्ही.ए. मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण ती दुचाकींना आणि माणसं वाहणाऱ्या चारचाकींना. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच बाहेर काढायची. आमची मॅसी अजून पेरणी करते.

वाट सापडली ती चहाच्या टपरीवर. एक निवृत्त तलाठी शेजारी बसले होते, माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "त्या काळी ट्रॅक्टरला जमीन तारण असायची. सातबाऱ्यावर बोजा चढला असणार. मग उतरला कधी ते बघा की." मी कपाळावर हात मारला. सातबारा मी दर वर्षी काढतो, इतर हक्काचा रकाना कोरा असतो, पण तो कोरा कसा झाला हा विचार कधी मनात आला नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, मागितले. नक्कल मिळाली तिसऱ्या दिवशी. १९८३ चा फेरफार, मोडी वळणाच्या अक्षरात: सदर बँकेकडील ट्रॅक्टर कर्ज पूर्ण फिटल्याने, बँकेचे पत्र जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, बोजा कमी केला. कर्ज खाते क्रमांकसुद्धा तिथेच. ती नक्कल घेऊन विभागीय कार्यालयात गेलो आणि या वेळी टेबलासमोर उभाच राहिलो. नऊ दिवसांत एन.ओ.सी. हातात.

तेव्हा तुमच्या जुन्या ट्रॅक्टरवर अशा बँकेचा शिक्का असेल, तर बँकेत जाण्याआधी तहसीलला जा. एवढ्यासाठीच हे सगळं लिहितोय.

एक सांगायचं राहिलं. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायची असते. आदल्या दिवशी डिझेलच्या फडक्याने ग्रीस पुसून घ्या, पॉलिशपेपर लावू नका, पंच केलेले आकडे पुसट होतात. आणि आर.सी. बुकाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स पहिल्याच दिवशी नीट वाचा. मागचं पान मी वाचलंच नव्हतं.

नोंदणीची मुदतही संपलेली, म्हणून नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि पासिंग. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर नको म्हणून टेम्पोत घालून नेली. मैदानात उतरवली तर डंपरवाले, रिक्षावाले सगळे गोळा. आर.टी.ओ.चे साहेब आले, चासी नंबर जुळवला, दिवे पाहिले. मग वही बाजूला ठेवून म्हणाले, "लिफ्ट चालते?" अण्णा चढले, लिव्हर ओढली, मागचे दोन्ही हात सरसर वर. "नांगराला ओढ वाढली की आपोआप जरा उचलते," अण्णा सांगू लागले, "फर्ग्युसनची मूळ कल्पनाच ती." साहेब हसले. त्यांच्या वडिलांकडेही मॅसी होती, विकली म्हणे.

ती अशी राहिली ती आबांमुळे. डिझेल कधी फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत गेलं नाही, आणि वायरिंग उंदरांनी कुरतडू नये म्हणून पडवीत धान्याचं एक पोतं ठेवू दिलं नाही. रंग एकदाच दिलाय, तोही फक्त बॉनेटला. खंडेनवमीला झेंडूची माळ बैलांच्या आधी तिला पडायची, यावरून आजी भांडायची.

निघताना मात्र फजिती झाली. पाऊस जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या नळीवर आम्ही डबा उपडा घालतो. टेम्पोत चढवण्याआधी मी तो परत घातला, अण्णांनी न बघता सेल्फ मारला आणि डबा उडून साहेबांच्या जीपच्या टपावर आदळला. पोचा डब्यालाच आला.

महिन्याने कार्ड पोस्टाने आलं. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, मागची आधी.