बोंड न धरणारी ओळ

त्या खरिपात परभणीजवळच्या आमच्या प्रक्षेत्रावर कापसाची एक ओळ सगळ्यांच्या नजरेत भरायची. झाडं उंच, पानं तजेलदार, रोज सकाळी फुलंच फुलं. पण फूल कोमेजलं की गळून पडायचं, बोंड एकही नाही. क्रॉसिंगला, म्हणजे एका जातीचे पराग दुसरीच्या फुलाला हातानं लावायला, येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पाणी कमी पडलं म्हणावं तर शेजारच्या ओळी बोंडानं लदलद लागल्यात. ह्यालाच काय झालंय?"

ती ओळ गावरान आणि अमेरिकन कापसाच्या संकराची होती. गावरान कापूस पावसाच्या ताणात तग धरतो, तुडतुड्यांना सहसा दाद देत नाही. अमेरिकनचा धागा लांब. दोन्ही गुण एका झाडात आणायचे तर आड येतात ती गुणसूत्रं. गावरानच्या पेशीत २६, अमेरिकनच्या ५२. मावशींना खरं उत्तर द्यायचं तर पेशीच पाहायला हवी होती.

आदल्या सकाळी तोडलेली कोवळी पाती, म्हणजे न उमललेल्या कळ्या, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवली होती. परागकोश सुईनं फोडायचा, गुणसूत्रांना लाल रंग देणाऱ्या ॲसिटोकार्मिनचा थेंब, वर कव्हरस्लिप, टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाब. कापसाची गुणसूत्रं बारीक, रंगही गढूळ चढतो. दुपारपर्यंत दिसल्या त्या पेशी विभाजनाला न लागलेल्या, नाहीतर विभागून मोकळ्या झालेल्या. ऊन कलल्यावर एक सापडली: सपाट पसरलेली, नेमकी मधल्या टप्प्यावर.

परागकण तयार होताना समान गुणसूत्रं आधी जोडीनं एकत्र येतात. जोड्या पेशीच्या मध्यावर उभ्या राहतात, दोन्ही ध्रुवांकडचे तंतू जोडीतल्या एकेकाला धरून आपल्याकडे ओढतात आणि वाटणी बरोबर निम्मी होते. इथे गुणसूत्रं ३९ होती: गावरानची १३, अमेरिकनची २६. अमेरिकन कापूस स्वतःच १० ते २० लाख वर्षांपूर्वी दोन पूर्वजांच्या संकरातून झाला. त्यातला एक गावरानच्या गोतातला, म्हणून त्याच्या वाट्याची १३ गावरानच्या १३ शी जुळतात. बाकीच्या १३ ना कोणीच नाही. मध्यावर जोड्या होत्या, एके ठिकाणी तिघांची साखळीही होती, कारण काही तुकडे मधल्या काळात एकमेकांत बदलले गेलेत. आणि आजूबाजूला, रेषेपासून दूर, ती एकटी विखुरलेली. मी कितीतरी वेळ मान वर केली नाही.

पुढच्या स्लाइडवर वाटणी चालू होती आणि काही एकटी मधेच अडकली होती. प्रत्येक जण यदृच्छेनं बाजू निवडतो असं धरलं, तर तेराही ठरावीक एका ध्रुवाकडे जाण्याची शक्यता ८१९२ मध्ये १. म्हणजे पुरा संच मिळालेला परागकण जवळपास मिळणारच नाही. तपासलं तर खरंच, बहुतेक परागकण पोचट, रंग न घेणारे.

मावशींना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "मंग ह्या एकट्यायला जोडी लावून देता येत न्हाई का?"

येते! कळलावीच्या कंदात असणारं कोल्चिसिन हे रसायन तंतू बनूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, पण त्यांना ओढून वेगळं करणारं कुणी नसल्यानं एकाच पेशीत राहतात. ३९ ची ७८ होतात आणि प्रत्येकाला स्वतःचीच प्रत जोडीला मिळते. वनस्पतींत हा उपाय १९३७ पासून माहीत आहे, पण मावशी तिथवर स्वतःच्या विचारानं पोचल्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढच्या हंगामात रोपांच्या शेंड्यावर कोल्चिसिनचा बोळा ठेवला. बरीच रोपं खुरटली, काही मेली. एकाची पानं जाड आली, परागकण टपोरे, लालभडक रंगणारे. त्याला बोंडं धरली, आत मोजकीच सरकी. त्याचा अमेरिकनशी पुन्हा संकर केला की ६५ गुणसूत्रांची पिढी येते. तिथून ५२ वर उतरायला आणखी काही खरीप जातील. सध्या तेच चालू आहे, आणि क्रॉसिंग मावशीच करतात.